ऐंशी डॉलरची बंदूक

साधारण २००८ च्या आसपास अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या स्पोर्ट्सच्या दुकानात गेलात, तर बंदुकांच्या विभागात एक जाडजूड लाकडी खोकं हमखास दिसायचं. एका खोक्यात २० रायफली. प्रत्येकीला नखशिखांत तपकिरी, चिकट ग्रीस फासलेलं. सोबत संगीन, पट्टा, तेलाची डबी. भाव ऐंशी-नव्वद डॉलर. रायफल रशियन, नाव मोसिन-नागां. लोक ती घरी नेत, उकळतं पाणी ओतून ग्रीस काढत आणि शनिवार-रविवारी रेंजवर जात. ४४० काडतुसांचा सीलबंद पत्र्याचा डबासुद्धा शंभराच्या आत मिळायचा.

आज तीच रायफल चारशे डॉलरला मिळाली तर लोक सौदा बरा झाला म्हणतात. चांगल्या अवस्थेतली किंवा वेगळ्या खुणांची असेल तर आणखी वर. महागाई वजा केली तरी भाव तिपटीच्या पुढे गेलेला आहे.

मी पुण्यात बॅकएंड डेव्हलपर आहे. आयुष्यात झाडलेली एकमेव बंदूक म्हणजे कॉलेजच्या एनसीसीतली पॉइंट टू-टू. बंदुका जमवायचा शौक मला नाही, आणि आपल्याकडच्या कायद्यात तो सहज परवडणाराही नाही. पण यूट्यूबवर 'फरगॉटन वेपन्स' बघता बघता मला बंदुकांपेक्षा त्यांच्या भावांचं वेड लागलं. कारण हा भाव नेहमीच्या हिशेबात बसत नाही. जुनी वस्तू महाग होते ती दुर्मीळ असते म्हणून, असं आपण धरून चालतो. मोसिन मात्र जवळपास ३ कोटी ७० लाख बनल्या. जगात सर्वाधिक संख्येने बनलेल्या रायफलींपैकी ही एक. मग दहा-पंधरा वर्षांत असं काय घडलं?

आधी बंदुकीबद्दल थोडं. १८९१ साली झारच्या रशियाने ही रायफल स्वीकारली. सर्गेई मोसिन हा रशियन कॅप्टन आणि लेओं नागां हा बेल्जियन कारखानदार, दोघांच्या आराखड्यांतून ती जन्मली. रशियात तिला 'तीन रेघांची' म्हणतात. रेघ हे जुनं माप, इंचाचा दहावा भाग. तीन रेघा म्हणजे ७.६२ मिलिमीटर. ही रायफल पहिल्या महायुद्धात होती, रशियन क्रांतीत दोन्ही बाजूंना होती, स्टालिनग्राडमध्ये होती. तिचं काडतूस तर आजही निवृत्त झालेलं नाही. ड्रागुनोव्ह स्नायपर रायफल आणि पीके मशिनगन अजून तेच काडतूस वापरतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत लष्कराने लाखो मोसिन गोळा केल्या, दुरुस्त केल्या, ग्रीसमध्ये बुडवल्या आणि पुढच्या युद्धासाठी कोठारांत रचून ठेवल्या. ते युद्ध आलंच नाही. १९९१ साली देशच फुटला आणि त्या रायफली रशिया-युक्रेनच्या कोठारांत नुसत्या जागा अडवत राहिल्या. त्यांना गिऱ्हाईक होतं समुद्रापलीकडे, ज्या देशाविरुद्ध त्या साठवल्या होत्या तिथेच.

पण अमेरिकेचं दारही कायम उघडं नव्हतं. ते कधी उघडलं, कधी मिटलं, हे पाहिलं की भावाचा आलेख वाचता येतो.

१९५० च्या दशकात सॅम कमिंग्ज नावाच्या माणसाने इंटरआर्म्स ही कंपनी काढली. देशोदेशींच्या सरकारांकडून जुन्या रायफली घाऊक घ्यायच्या, व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाच्या गोदामात आणायच्या आणि किरकोळीत विकायच्या, हा धंदा. मासिकात जाहिरात, कूपन भरून पैसे पाठवा, रायफल टपालाने घरी. स्थानिक कारखानदारांना हे अर्थातच खुपलं. १९५८ साली मॅसॅच्युसेट्सच्या एका तरुण सिनेटरने अशा लष्करी रायफलींच्या आयातीवर बंदी आणणारं विधेयक मांडलं. त्याच्या राज्यात बंदुकांचे कारखाने होते, मतदारांची रोजी-रोटी त्यावर होती. विधेयक त्या रूपात मंजूर झालं नाही. त्या सिनेटरचं नाव जॉन एफ. केनेडी.

मार्च १९६३ मध्ये ली हार्वी ऑस्वाल्डने खोट्या नावाने शिकागोच्या एका दुकानाला टपालाने ऑर्डर पाठवली. इटालियन लष्कराची जुनी कार्कानो रायफल, दुर्बिणीसकट १९ डॉलर ९५ सेंट, वर टपालखर्च दीड डॉलर. वॉरन आयोगाच्या निष्कर्षानुसार नोव्हेंबरात डॅलसमध्ये केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या त्या याच रायफलीतून.

१९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या आणि त्याच वर्षी 'गन कंट्रोल ॲक्ट' आला. टपालाने बंदूक मागवणं बंद, परदेशी लष्करी मालाची आयात बंद. दार मिटलं. १९८४ साली व्यापारविषयक कायद्यात एक दुरुस्ती करून 'क्युरिओ आणि रेलिक' म्हणजे साधारण पन्नास वर्षांहून जुन्या बंदुकांसाठी ते पुन्हा किलकिलं केलं गेलं. त्यानंतर काही वर्षांत शीतयुद्ध संपलं आणि पूर्व युरोपची कोठारं रिकामी होऊ लागली. २००८ ची ती ऐंशी डॉलरची मोसिन म्हणजे या दोन घटनांची बेरीज. एकीकडे कायद्याने उघडलेली फट, दुसरीकडे कोसळलेलं साम्राज्य.

पुढे दार परत मिटत गेलं. २०१४ साली क्रिमिया रशियाने घेतला आणि निर्बंध सुरू झाले. युक्रेन स्वतःच युद्धात ओढला गेला. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेने जाहीर केलं की रशियन बंदुका आणि काडतुसांच्या आयातीचे नवे परवाने मिळणार नाहीत. कारण काय, तर रशियातले विरोधी नेते अलेक्सी नवाल्नी यांच्यावर झालेला विषप्रयोग. सायबेरियातून निघालेल्या एका विमानात एक माणूस कोसळतो आणि वर्षभराने टेक्सासमधल्या रेंजवर काडतूस महागतं.

मागणीचीही बाजू आहेच. २००१ मध्ये आलेल्या 'एनिमी ॲट द गेट्स' सिनेमात मोसिनवाला स्नायपर हिरो होता. 'कॉल ऑफ ड्यूटी' खेळत वाढलेली पोरं कमावती झाली. आपल्याकडे पब्जी खेळलेल्यांना 'कार-९८' सांगावी लागत नाही. ती खरी जर्मन माउझर रायफल. सोव्हिएत फौजांनी ती लाखांनी हस्तगत केली, आणि मोसिनसारखीच साठवून पुढे विकली. तिचाही भाव कितीतरी पट चढला. पण मागणी आधीही वाढतच होती आणि खोकी येत होती तोवर भाव हलला नव्हता. तो हलला खोकी थांबल्यावर.

कायद्यातली रेघ भावावर कशी उमटते याचा सगळ्यात मजेशीर नमुना फिनलंडचा आहे. अमेरिकन कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक 'अँटिक' ठरते. केंद्र सरकारच्या कायद्यापुरती ती बंदूकच उरत नाही, त्यामुळे विकायला आणि टपालाने पाठवायला सोपी. १८९९ ची मात्र बंदूक. फिनलंड पूर्वी झारच्या साम्राज्यात होता. त्यामुळे जुन्या रशियन मोसिन तिथे हजारोंनी होत्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फिनिश लोकांनी त्यांचे जुने सांगाडे घेतले, नव्या नळ्या आणि नवे दस्ते लावले आणि एम-३९ नावाची उत्तम रायफल तयार केली. कायदा मात्र सांगाड्याचं साल बघतो. म्हणजे नळी १९४२ ची, दस्ता १९४२ चा, पण सांगाड्यावर १८९६ असेल तर रायफल अँटिक. ते साल सांगाड्याच्या शेपटीच्या खालच्या बाजूला कोरलेलं असतं. ते बघायला स्क्रू काढून लाकूड वेगळं करावं लागतं. शेजारीशेजारी ठेवलेल्या दोन सारख्याच रायफलींत एक महाग असते ती या न दिसणाऱ्या चार आकड्यांमुळे. आमच्या धंद्यात यालाच एज केस म्हणतात.

संग्राहक बंदुकीवरचे शिक्के वाचतात तेव्हा मला गिटचा लॉग आठवतो. प्रत्येक बदल नोंदलेला. तारा म्हणजे तुलाचा कारखाना, त्रिकोणात बाण म्हणजे इझेव्स्कचा. चौकोनात तिरकी रेघ म्हणजे युद्धानंतर दुरुस्त केलेली. बोल्टवरचा क्रमांक मूळ ठशाने उमटलेला असेल तर किंमत वर, इलेक्ट्रिक पेन्सिलने नंतर खरडलेला असेल तर खाली. आणि चौकटीत 'एसए' ही अक्षरं असतील तर आणखी वर. ती फिनलंडच्या सैन्याची खूण. त्यातल्या अनेक रायफली १९३९-४० च्या हिवाळी युद्धात बर्फात थिजलेल्या, वेढल्या गेलेल्या सोव्हिएत तुकड्यांकडून आल्या.

इथे मी जरा अडखळलो. शिक्का पडला म्हणजे मालक बदलला, आणि मालक बदलला म्हणजे बऱ्याचदा आधीचा मेला किंवा कैद झाला. जितके शिक्के जास्त तितका भाव जास्त. गिटच्या लॉगमध्ये प्रत्येक कमिटला लेखकाचं नाव असतं. इथे कारखाना आहे, साल आहे, देश आहे. ज्याच्या खांद्यावर ती होती त्याची एक ओळ नाही. बाजार ज्याला इतिहास म्हणून पैसे मोजतो, तो सरकारांचा मालमत्ता-रजिस्टर आहे.

हे आपल्या शेजारी किती ठसठशीत घडलं ते काठमांडूत दिसतं. तिथे लगन सिलेखाना नावाचा जुना राजवाडा आहे. सिलेखाना हा शब्द मराठीला परका नाही. शिवकालीन अठरा कारखान्यांतही सिलेखाना होता, म्हणजे शस्त्रागार. नेपाळच्या राणा पंतप्रधानांच्या काळातली शस्त्रं या वाड्यात वर्षानुवर्षं पडून होती. २००३ साली दोन अमेरिकन व्यापारी कंपन्यांनी नेपाळी लष्कराकडून तो साठा विकत घेतला. पन्नास हजारांवर शस्त्रं, वजन सुमारे ४३० टन. व्यापाऱ्याने त्याचा तीस वर्षं माग काढला होता आणि नंतर त्यावर पुस्तकही लिहिलं.

त्या ढिगात काय होतं? आपण शाळेत 'चरबी लावलेली काडतुसं' म्हणून शिकलो, ती ज्या बंदुकीची, ती १८५३ ची एनफिल्ड होती. १८५७ नंतर इंग्रजांनी हिंदी शिपायांसाठी त्याच ढंगाची पण आतून गुळगुळीत नळीची बंदूक काढली. नळीत आटे नसले की गोळी लांबवर नेमकी जात नाही. शिपायाच्या हाती शस्त्र द्यायचं, पण गोऱ्या सैनिकाइतका पल्ला द्यायचा नाही. पुस्तकांत 'अविश्वास' असं एका शब्दात येतं ते या नळीत बोट घालून चाचपता येतं. ज्या नेपाळच्या तराईत नानासाहेब पेशवे आश्रयाला गेले, त्याच नेपाळच्या जंगबहादुरांनी १८५८ मध्ये लखनौ जिंकायला इंग्रजांना फौज दिली होती.

त्याच ढिगात गहेंद्र रायफल होती. इंग्रज नेपाळला नवी शस्त्रं सुखासुखी देत नव्हते. मग पंतप्रधान वीर शमशेरांचे पुत्र जनरल गहेंद्र शमशेर यांनी नेपाळातच, ब्रिटिश मार्टिनीच्या धर्तीवर पण आत वेगळी पट्टीची स्प्रिंग असलेली रायफल बनवून घेतली. प्रत्येक हाताने घासून बसवलेली. एकीचा सुटा भाग दुसरीला बसेलच याची खात्री नाही. वसाहतीच्या कुंपणावर उभ्या असलेल्या देशाने स्वतः केलेलं इंजिनिअरिंग. माझ्या मते १९ व्या शतकातल्या दक्षिण आशियाच्या तंत्रज्ञानाचा हा मोलाचा पुरावा आहे. तो टनावारी गेला.

या शस्त्रांमधल्या १८९८ च्या आधीच्या सगळ्या अमेरिकेत सरळ 'अँटिक' म्हणून शिरल्या. आधी बाजारात एवढा माल आला की भाव दबला. साठा ओसरत गेला तसा तो चढला. गंमत म्हणजे यातल्या रायफली साफ केलेल्या मिळतात तशा न साफ केलेल्याही मिळतात. शंभर वर्षांची धूळ, घट्ट झालेलं तेल आणि दस्त्यावर कोरलेली देवनागरी अक्षरं यांच्यासकट. गिऱ्हाईकाला ते स्वतः उघडायचं असतं. काठमांडूत जी अडगळ होती, ती तिकडे मालाचा भाग झाली.

याला लूट म्हणता येणार नाही. सरकारने विकलं, त्यांनी घेतलं. वाड्यातच राहिलं असतं तर गंजून गेलं असतं, असा व्यापाऱ्यांचा युक्तिवाद आहे आणि तो निव्वळ बहाणा नाही. ते लाकूड कुजत होतंच. पण विकत घेणाऱ्याकडे तीस वर्षांचा अभ्यास होता आणि विकणाऱ्याकडे वजनकाटा. भावातला फरक तिथे पडला.

भारतात असा बाजार उभा राहिलेला नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला निःशस्त्र केलं. स्वातंत्र्यानंतरचा १९५९ चा कायदाही कडकच आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीने एका परवान्यावरच्या बंदुका तीनवरून दोनवर आणल्या. शंभर वर्षांवरची पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. आपल्या तोड्याच्या बंदुका केळकर संग्रहालयासारख्या जागी काचेमागे आहेत. त्यांना भाव नाही, आणि ते मला बरं वाटतं.

तरी भारतीय रायफली अमेरिकन बाजारात आहेत. १९६२ च्या चीन युद्धानंतर बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्याने जुन्या ली-एनफिल्डचा नवा अवतार काढला. ७.६२ चं नाटो काडतूस आणि १२ गोळ्यांचं मॅगझिन. ती 'इशापूर २ए' आणि पुढची '२ए१'. अमेरिकेत तीसुद्धा एकेकाळी मोसिनसारखीच स्वस्त होती आणि आता नाही. भारतात दुरुस्त झालेल्या एनफिल्डच्या दस्त्यात मजबुतीसाठी घातलेल्या एका आडव्या स्क्रूला तिकडचे लोक चक्क 'इशापूर स्क्रू' म्हणतात. आणि जुन्या .३०३ काडतुसांच्या बुडावर 'केएफ' अक्षरं दिसली की ते ओळखतात, हे कर्कीचं. कर्की म्हणजे आपली खडकी. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ चा. मी खडकीजवळच वाढलो. माझ्या बसस्टॉपचं नाव पितळेवर कोरून ओहायोत कुणाच्या शोकेसमध्ये पोचलंय, याचं अप्रूप वाटतंच.

पण त्याच .३०३ ची दुसरीही गोष्ट आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ घेऊन आलेल्या दोघांसमोर आपल्या पोलिसांच्या हातात लाठ्या होत्या आणि थ्री-नॉट-थ्री होती. दर गोळीनंतर हाताने बोल्ट ओढायची रायफल. अमेरिकेत मोसिनचं खोकं ऐंशी डॉलरच्या भावाने फुटत होतं ते याच सुमारास. म्हणजे एकाच पिढीतल्या रायफली, एकाच काळात, एकीकडे वीकेंडचा शौक होत्या आणि दुसरीकडे ड्युटी. कुठल्या रायफलला 'अँटिक' म्हणायचं हे तिच्या वयावर ठरत नाही. ती हातात घ्यायची सक्ती कुणावर उरली आहे का, यावर ठरतं.

मोसिनच्या बाबतीत ती सक्ती अजून संपलेली नाही. २०२२ च्या वसंतात, रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर, दोनेत्स्कमध्ये रशियाच्या बाजूने सक्तीने भरती केलेल्या माणसांचे फोटो जगभर फिरले. त्यांच्या हातात मोसिन होत्या. १८९१ चा आराखडा, ड्रोनच्या युद्धात. त्याच वर्षी अमेरिकेत तिचा भाव चढा होता, कारण त्याच युद्धाने दार मिटलं होतं. एका टोकाला चारशे डॉलर मोजून माणूस ती मिळवत होता, दुसऱ्या टोकाला माणसाला ती नाकारता येत नव्हती.

त्यातल्या काही रायफली चिखलात गेल्या असतील, काही पुन्हा कोठारात जातील, कुणीतरी पुन्हा ग्रीस फासेल. कधीतरी, दार उघडलं की, एखादी लिलावात येईलच. वर्णनात कारखाना असेल, साल असेल, नवा शिक्का असेल आणि बोल्टचा क्रमांक जुळतो की नाही तेही असेल.